मुद्दाम केलं म्हणे

अकॉर्डियन गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत गोपिकानंच नेऊन ठेवला होता, हे तिनं कधीच नाकारलं नाही. कोणी विचारलं असतं तर तिनं वार, वेळ, कोणत्या लुगड्यात गुंडाळून ठेवला तेही सांगितलं असतं. पण विचारलं कोणीच नाही. तिच्या नवऱ्यानं, रुपराव वैरागड्यानं, चार माणसांसमोर एकच शब्द उच्चारला आणि त्या शब्दानं तिच्या डोक्यात जी आग लागली ती आठवडाभर विझली नाही.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. नागपूरच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं विरळ होती आणि झाडं त्याहून विरळ. रुपराव सरकारी कचेरीत कारकून होता, पण कारकून म्हणून त्याला गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हतं. ओळखत ते ऑर्केस्ट्रातला अकॉर्डियनवाला म्हणून. लग्नाचे स्वागत समारंभ, गणपती, कचेऱ्यांची स्नेहसंमेलनं, कुठे ना कुठे त्याचं बोलावणं असायचं. तो अकॉर्डियन जर्मन होता. नोकरी सोडून परदेशी निघालेल्या एका रेल्वेच्या गार्डाकडून त्यानं तो लग्नाच्या वर्षीच घेतला होता. त्या वर्षी खरं म्हणजे घरात पलंग यायचा होता. पलंगाऐवजी अकॉर्डियन आला आणि पुढची तीन वर्षं नवराबायको जमिनीवर गादी टाकून झोपले. गोपिकानं त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. नवी नवरी होती, आणि नवरा वाजवायचा तेव्हा गल्लीतल्या बाया खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या, त्याचं तिलाही कौतुक होतं.

घरात त्याला सगळे पेटीच म्हणत. पेटीला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. त्यांची सहा वर्षांची मुलगी कुंदा एकदा तिची पांढरी बटणं दाबायला गेली तर रुपरावनं तिला अशी काही हाक मारली की पोर दोन दिवस त्या खोलीत गेली नाही. उन्हाळ्यात पेटी कूलरसमोरच्या स्टुलावर असायची. कूलरचा पहिला वारा पेटीला, दुसरा रुपरावला, आणि उरलासुरला मायलेकींना. गोपिकाला वाटायचं, हे सगळे लाड आहेत. पेटीच्या आत मेण असतं, सूर देणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या त्या मेणानंच चिकटवलेल्या असतात आणि मेण उन्हानं वितळतं, हे तिला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

तो रविवार होता. रुपरावची मोठी बहीण शोभाताई मौद्याहून आपल्या मुलीला घेऊन आली होती. मुलीला पाहायला वर्ध्याकडची मंडळी येणार होती आणि त्यांना सोयीचं म्हणून कार्यक्रम नागपूरला, भावाच्या घरी ठरला होता. दोन खोल्या आणि चौदा माणसं. सकाळपासून गोपिका शेवया, आमरस, वडे आणि कढी यांच्यात बुडालेली. अकराच्या सुमारास शोभाताई बाहेरच्या खोलीत सतरंज्या अंथरत होत्या. त्यांनी तिथूनच हाक मारली.

"गोपिका, हा पेटारा इथून हलव वं. मुलाकडले लोक बसतील कुठं? सोबत लहान लेकरं येतील, त्यांनी लाथा मारल्या म्हणजे रुपराव आपल्याले जीतं ठेवणार नाही."

हे खरंच होतं. रुपराव पाहुण्यांना घ्यायला बसस्टँडवर गेला होता. आतल्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. गोपिकानं हात पुसले, पेटी तिच्या खोक्यात घातली, आपलं जुनं मऊ लुगडं भोवती गुंडाळलं, ते ओझं छातीशी धरून जिना चढली आणि गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत फळीवर ठेवलं. फळीवर अशासाठी की खाली उंदीर यायचे. मनात आलं, दोन तासांत पाहुणे गेले की खाली आणू.

पाहुणे दोन तासांत गेले नाहीत. मुलगी पसंत पडली, मग बोलणी सुरू झाली, मग चहा, मग पन्हं, आणि उन्हं उतरल्यावरच निघू असं मुलाच्या काकांनी ठरवलं. रुपराव साडेबारा ते पाच त्याच खोलीत, त्याच कूलरसमोर, त्याच रिकाम्या स्टुलाच्या शेजारी बसून होता. आणि गोपिका चुलीपाशी. ती पेटी विसरली. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर तिला एकदम आठवलं. ती धावत वर गेली. खोलीत पाय ठेवला तर भट्टीचं दार उघडावं तशी झळ तोंडावर आली. खोकं हाताला गरम लागलं. तिनं पेटी खाली आणून स्टुलावर ठेवली. वरून पाहता सगळं ठीक होतं. कुठे ओरखडा नाही, कुठे डाग नाही. ती निर्धास्त झाली.

सोमवारी संध्याकाळी ऑर्केस्ट्राची मंडळी तालमीला घरी आली. पुढच्या रविवारी मोठा कार्यक्रम होता. गाणारे चंपतराव आले, ते ऑर्केस्ट्राचे मालकही होते. बोंगो वाजवणारा ओमप्रकाश आला. शेजारच्या सिंधूताई नेहमीप्रमाणे दाराशी ऐकायला उभ्या राहिल्या. शोभाताई मंगळवारी जाणार होत्या, त्या आतल्या दाराशी सुपारी कातरत बसल्या होत्या. रुपरावनं पेटीचे पट्टे खांद्यावर चढवले आणि भाता ओढला.

आत खडखड झाली. डब्यात चिंचोके हलवावेत तशी. त्यानं एक बटण दाबलं. नुसती हवा. दुसरं दाबलं. कोणीतरी दम लागून घुसमटावं तसा आवाज आला. तिसऱ्या बटणाला चार सूर एकदम केकाटले.

"अरे यार," ओमप्रकाश म्हणाला, "ये तो गया."

रुपरावचं तोंड पांढरं पडलं. "कोणी हात लावला हिले?"

गोपिका पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं सांगितलं. पाहुण्यांसाठी हलवली होती, टिनाच्या खोलीत ठेवली होती, आणायची विसरली. ती सांगत असताना तिचे डोळे शोभाताईंकडे गेले. अडकित्ता थांबला होता. मग तो पुन्हा चालू झाला. कट, कट, कट.

"टिनाखाली?" रुपराव म्हणाला. "मे महिन्यात? टिनाखाली?"

"माह्या ध्यानात नाही राहिलं. चुकलंच माह्यं. काय करायचं सांगा, आपण..."

"विसरली नाही ती," रुपराव चंपतरावांकडे वळून म्हणाला, जणू गोपिका तिथे नव्हतीच. "मुद्दाम केलं हिनं. मागच्या हप्त्यात काय म्हणत होती, विचारा सिंधूताईले. एक दिवस ही पेटी चुलीत घालीन म्हणत होती. घातली. मुद्दाम केलं."

सिंधूताईंनी मान खाली घातली, कारण गोपिका तसं म्हणाली होती हे खरं होतं. नळ सकाळी सहाला यायचा आणि पाऊण तासात जायचा. त्या दिवशी कुंदा तापानं फणफणलेली, नळावर रांग, आणि नवरा आतून ओरडतो आहे की बादल्यांचा आवाज करू नको, मी सूर धरून राहिलो. तेव्हा तिच्या तोंडून ते निघालं होतं. त्या वेळी कोणत्या बाईच्या तोंडून निघालं नसतं?

"मुद्दाम?" ती म्हणाली.

रुपरावनं पेटी खोक्यात घातली, खोकं पायानं खाटेखाली सरकवलं. नऊ वर्षांत त्यानं पेटीला पायानं कधी स्पर्श केला नव्हता. मग तो मंडळींबरोबर बाहेर निघून गेला.

मंगळवारी सकाळी शोभाताईंची पिशवी दाराशी आणून ठेवताना गोपिकाला राहवलं नाही.

"शोभाताई, हलव म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना? काल एक शब्द तरी बोलायचा होता."

शोभाताईंनी चपला घातल्या. "मी हलव म्हटलं होतं वं. भाजून काढ नव्हतं म्हटलं."

आणि त्या मुलीला घेऊन रिक्षात बसल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, त्यांचं काम झालं होतं.

त्या दिवशी गोपिकानं स्वयंपाक केला, धुणं केलं, नळावर उभी राहिली, आणि सगळा वेळ मनातल्या मनात भांडत होती. राग समजू शकते मी. महागाची वस्तू, जीव की प्राण, बिघडली तर माणूस चिडेल. दोन थोबाडीत मारल्यासारखं बोलेल. बोला. पण मुद्दाम? ज्या बाईला मुद्दाम करायचं ती लुगड्यात गुंडाळील का? फळीवर चढवील का उंदीर येतील म्हणून? आणि हे स्वतः साडेबारा ते पाच बसले होते त्या रिकाम्या स्टुलाशेजारी. जिच्यावर एवढा जीव ती कुठे आहे हे साडेचार तासांत त्यांना एकदाही आठवलं नाही. ते विसरले तर ते पाहुण्यांच्या गडबडीत, मी विसरली तर मुद्दाम!

रुपराव घरी आला, जेवला, बोलला नाही. दुरुस्तीचं तिनं विचारलं तेव्हा भिंतीकडे पाहून म्हणाला, "कलकत्त्याले पाठवावं लागते. इथं कोणी नाही." कुंदानं पाणी आणून दिलं तर तिला म्हणाला, "तुह्या मायले सांग, आता घर मोकळं झालं. खूश राहा म्हणा." पोरगी निरोप द्यायला स्वयंपाकघरात आली आणि मधल्या दारात उभी राहून आळीपाळीनं दोघांकडे पाहू लागली.

बुधवारी तो कचेरीत गेल्यावर गोपिकानं खाटेखालून खोकं ओढलं. आपण काय केलं ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून. झाकणाच्या आतल्या कप्प्यात एक घडी घातलेली चिठ्ठी होती. जांभळ्या शिक्क्याचा कागद. देवाजी, माजी बँडमास्तर, सर्व वाद्यं दुरुस्त करून मिळतील, कामठी. खाली पेन्सिलीनं दोन वर्षांपूर्वीची तारीख.

म्हणजे कलकत्ता कशाला? कामठी तर तासाभराच्या वाटेवर होती.

तिनं कुंदाला सिंधूताईंकडे ठेवलं. सिंधूताईंना सोमवारचं मनात डाचत होतं, त्या म्हणाल्या, "चार दिवस ठेव, दहा दिवस ठेव." गोपिकानं सायकलरिक्षा केली, मग कामठीची बस धरली. खोकं मांडीवर मावेना, ते पायांत उभं धरून ती बसली. बाहेरच्या तापल्या वाऱ्याची लू खिडकीतून आत येत होती. खोक्याला ऊन लागू नये म्हणून तिनं त्यावर पदर धरला, आणि पदर धरल्यावर तिचं तिलाच हसू आलं, आणि मग रडू. बसमध्ये तिनं स्वतःला खरंखुरं विचारून पाहिलं. कुठे तरी आत, तुलाही कळू न देता, असं व्हावं असं वाटलं होतं का? पेटीचा राग येत होता, हो. ती नसती तर बरं, असं कधी वाटलं होतं, हो. पण त्या रविवारी जिना चढताना डोक्यात काय होतं? वडे करपतील का, हे होतं. दुसरं काही नव्हतं. हे तिला आठवलं आणि मग रडू थांबलं.

देवाजी मास्तरांचं घर छावणीच्या अलीकडे होतं. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट. सत्तरीचा माणूस, मिशा अजून फौजेतल्या. त्यांनी खोकं पाहिल्याबरोबर म्हटलं, "हा बाजा मी ओळखतो."

त्यांनी पेटी उघडली. आतला भाग टेबलावर काढला. कितीतरी बारीक पट्ट्या सुटून तळाशी पडल्या होत्या आणि पिवळं मेण ओघळून सगळीकडे थिजलं होतं. हे आपण केलं, गोपिकाच्या मनात आलं.

"टिनाखाली ठेवली होती मी," ती म्हणाली. "विसरून गेली."

मास्तरांनी चिमट्यानं मेणाचा एक तुकडा उचलला, बोटांत चुरला. त्याचा भुगा झाला.

"हे पाहा बाई. मेण असं नसते. हे मेलेलं मेण आहे. दोन वर्षांआधी तुमचे मालक घेऊन आले होते, एक सूर बसत नव्हता म्हणून. तेव्हाच सांगितलं होतं मी, बाबू, मेण म्हातारं झालं, तडे गेले, एक दोन उन्हाळ्यांत सगळं सोडून देईल. पूर्ण नवं टाकून घे. म्हणाले, आता कार्यक्रम आहेत, मग पाहू. ते मग काही आलं नाही."

गोपिका स्टुलावर बसली. "टिनात ठेवली नसती तर?"

"मी खोटं नाही बोलत. टिनानं काम केलंच. तुम्ही लवकर केलं एवढंच. पण होणार होतं ते."

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी असा राग आला की कानशिलं तापली. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं! म्हणून कलकत्ता. कामठीला यायचं तोंड नव्हतं. सगळं ठाऊक असून चार माणसांत बोट दाखवलं, मुद्दाम म्हणून!

"रविवारी कार्यक्रम आहे त्यांचा," ती म्हणाली.

मास्तर हसले. "रविवारी? बाई, हे महिन्याचं काम. पट्टी बसवतो मी, सूर लावतो मी, कान चांगला आहे अजून. पण मेण ओतायला हात स्थिर लागतो. माहा हात आता थरथरते. एक पट्टी बसवायले अर्धा घंटा जाते."

"मी ओततो," गोपिका म्हणाली.

"हे चकल्या तळणं नाही."

"नऊ वर्षं पाकाचा तार पाहून उतरवून राहिली मी. हात नाही हालत माहा. दाखवा."

त्यांनी दाखवलं. मधमाशीचं मेण, त्यात थोडी राळ, लोखंडी पळीत वितळवायचं, पातळ झालं की पट्टीच्या कडेनं एका रेषेत सोडायचं. थांबलं की गाठ होते, घाई केली की सुराच्या फटीत जातं. पहिल्या चार पट्ट्या बिघडल्या. मास्तरांनी न बोलता खरवडून काढल्या. पाचवी जमली. संध्याकाळी चारच्या बसनं ती परत निघाली तेव्हा तिच्या बोटांना दोन ठिकाणी फोड आले होते आणि तेरा पट्ट्या बसल्या होत्या.

गुरुवारी ती पुन्हा गेली, शुक्रवारीही. रुपराव कचेरीत गेला की निघायचं, तो यायच्या आत परत. त्याला काही कळलं नाही. खाटेखाली वाकून पाहण्याइतकाही तो त्या दिवसांत त्या बाजूला फिरकला नाही. तालमी आता चंपतरावांच्या घरी सक्करदऱ्याला होत होत्या आणि तो मागून आणलेली हार्मोनियम वाजवत होता. एकदा जेवताना तिच्या बोटांकडे त्याची नजर गेली. वाटलं, विचारेल. त्यानं वरण मागितलं.

तिकडे देवाजी मास्तर एकेक पट्टी कानाशी धरून, तोंडानं फुंकून, कानशीनं घासून सुरात आणत आणि तिच्यासमोर ठेवत. काम करताना ते फौजेतल्या गोष्टी सांगत. गोपिका बोलायची नाही, पळीकडे पाहायची. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी एक सूर लावून विचारलं, "हा बरोबर आहे की वर चढला?" ती म्हणाली, "चढला थोडा." मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कानस घेतली.

शनिवारी दुपारी पेटी जुळली. मास्तरांनी भाता ओढला आणि खालपासून वरपर्यंत सगळ्या बटणांवरून बोट फिरवलं. डावीकडचे दोन सूर जरा बसके होते, त्यांच्या पट्ट्या तुटल्या होत्या, नव्या मिळायला वेळ लागणार होता. बाकी सगळं बोलत होतं. मजुरीचं तिनं काढलं तर ते म्हणाले, "अर्धं काम तुमचं. मेणाचे द्या."

कामठीहून ती घरी गेली नाही. बसस्टँडवरून थेट सक्करदऱ्याला रिक्षा केली. चंपतरावांच्या बैठकीत तालीम चालली होती. ती दारात आली, खोकं खाली ठेवलं आणि गाणं आपोआप थांबलं.

"सुधरली," ती म्हणाली.

रुपराव हार्मोनियम बाजूला सारून उठला. चेहरा असा उजळला की गोपिकाला क्षणभर तो नऊ वर्षांपूर्वीचा नवरदेव दिसला. तो हात पुढे करून आला. "सुधरली? कशी सुधरली? आण, आण."

तिनं खोक्याच्या कडीवर हात ठेवला. "थांबा. आधी ते वापस घ्या."

"काय?"

"सोमवारी याच लोकांसमोर म्हटलं ते. मी मुद्दाम केलं म्हटलं."

"त्याचं आता काय काढते वं?" रुपराव इकडेतिकडे पाहत हसला. "रागात माणूस बोलते."

"मीपण रागातच म्हटलं होतं, चुलीत घालीन. ते बरोबर ध्यानात राहिलं तुमच्या."

चंपतराव मध्ये पडले. "वहिनी, घरची गोष्ट आहे. घरी बसून..."

"घरची गोष्ट घरात नाही बोलले ते, चंपतराव. तुमच्यासमोर बोलले, ओमप्रकाशभाऊंसमोर बोलले. मंगळवारपासून नळावरच्या बाया माह्याकडे कशा पाहून राहिल्या मले माहीत आहे. तुम्ही सगळे इथंच आहे. इथंच घ्या म्हणा वापस." तिचा आवाज चढला, पण थरथरला नाही. "मी चुकली. टिनाखाली मी ठेवली, विसरली मी. शंभर वेळा म्हणतो, चुकली. पण मुद्दाम नाही केलं."

"बरं, बरं, झालं ना," रुपराव म्हणाला. "आण आता."

"असं नाही."

"मग कसं? पाय धरू का तुहे?" आता त्याचाही आवाज चढला. "तमाशा लावला लोकांच्या घरी. वस्तू माही, बिघडवली हिनं, आणि वापस मीच घ्यायचं!"

गोपिका अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी कामठीहून येऊन राहिली. देवाजी मास्तरांकडून. त्यांनी दोन वर्षांआधी तुम्हाले काय सांगितलं होतं, तेही सांगू का या लोकांना?"

रुपरावचा हात खाली आला. ओमप्रकाशनं चंपतरावांकडे पाहिलं, चंपतरावांनी रुपरावकडे.

"मुद्दाम नाही केलं," रुपराव पुटपुटला.

"कोणी?"

"गोपिकानं." त्यानं घसा खाकरला. "गोपिकानं मुद्दाम नाही केलं. मी उगीच बोललो."

"सुना, भाभी, हमने सुना," ओमप्रकाश घाईघाईनं म्हणाला.

तिनं कडीवरचा हात काढला. रुपरावनं खोकं उघडलं, पेटी खांद्यावर चढवली आणि भाता ओढला. सूर सगळ्या बैठकीत भरले. तो मान वाकवून ऐकत राहिला. तोवर गोपिका पायऱ्या उतरून गेली होती. चार दिवसांची घामेजलेली, बोटांना फोड आलेली बाई, आणि घरी अजून कणीक भिजवायची होती.

कार्यक्रमाला ती गेली नाही. रुपरावनं विचारलं, "येतेस का?" ती म्हणाली, "नाही." त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. कार्यक्रम चांगला झाला असं सिंधूताईंकडून कळलं.

सोमवारी सकाळी तो कचेरीचे कपडे घालून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"देवाजीनं काय काय सांगितलं?"

"सगळं."

"चंपतरावले नको सांगू."

"सांगायचं असतं तर शनिवारीच सांगितलं असतं." तिनं तवा खाली उतरवला. "एक सांगा मले. आत मेण असते, ते उन्हानं पिघळते, हे नऊ वर्षांत मले काहून नाही सांगितलं? मी काही घराबाहेरची होती का?"

तो खोटं बोलला नाही, एवढं मात्र त्याच्या बाजूनं म्हणावं लागेल. "वाटलं, तुले काय समजते त्यातलं."

गोपिकानं दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. फोड वाळले होते, त्यांची कातडी अजून निघायची होती. "अर्ध्याच्या वर मेण या हातांनी टाकलं. काल वाजवली ना पेटी? समजलं का कुठून कुठपर्यंत मास्तरांचं आणि कुठून माह्यं?"

तो हातांकडे पाहत राहिला. ती पोळी लाटायला वळली. त्याचा डबा तिनं भरून दिला, पण तोंडानं काही बोलली नाही, आणि पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. माणसाला एकदा वापस घेतलेला शब्दही ऐकू येत राहतो. नळावर उभी असली, भाजी चिरत असली की मध्येच तिला तो ऐकू यायचा आणि चाकू जोरात चालायचा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात देवाजी मास्तरांचं कार्ड आलं, दोन पट्ट्या आल्या आहेत. रुपराव म्हणाला, "तू जाऊन येतेस का?"

"तुम्ही जा," ती म्हणाली. "पेटी तुमची आहे."

तो रविवारी गेला आणि दुपारी परत आला. पेटी स्टुलावर ठेवली, पाणी प्यायला, आणि मग खाटेवर बसून टोपीनं वारा घेत म्हणाला, "मास्तर बोलले मले. फौजेवाणी बोलले."

गोपिका तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आणि म्हणाले, एका भजनी मंडळाची हार्मोनियम आली आहे, जुनी, सगळी उघडायची आहे. म्हणाले, बाईले पाठवा. तुमच्या हातचं काम नाही हे, म्हणाले." त्यानं टोपी खाटेवर ठेवली. "तू जाणार आहेस का?"

"कधी बोलावलं?"

"बुधवारी."

तिनं सुपातला एक खडा काढून अंगणात फेकला. "सिंधूताई माहेरी गेल्या आहेत. कुंदाले तुम्ही सांभाळा."

"बुधवारी माही कचेरी आहे."

"मग सुट्टी टाका," गोपिका म्हणाली आणि सूप पाखडायला लागली.